डीएपीच्या रांगेत उभं राहण्याआधी: जमिनीतला स्फुरद नेमका अडकतो कुठे?

गोणी रिकामी झाली म्हणजे पिकाला स्फुरद मिळाला, असं होत नाही. काळ्या जमिनीत या खताचं काय होतं, जिवाणू आणि बुरशी त्यात काय करतात आणि आपण मोजतो ते चुकीचं का आहे?

मृगाचा पहिला पाऊस झाला की आमच्या डिजिटल डेस्कवर दोन बातम्या हमखास चालतात. एक, पाऊस कुठपर्यंत पोहोचला. दुसरी, डीएपी कुठे मिळतंय. दुसऱ्या बातमीसाठी मला बातमीदाराच्या आधी मामांचा फोन येतो. मामांची लातूर जिल्ह्यात सहा एकर काळी जमीन आहे. सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी आणि मागून हरभरा.

"अगं, तुमच्या पेपरात बघ की, डीएपीची गाडी कुठं लागली. इथं दुकानदार म्हणतोय दोनच गोण्या देतो, अन् त्याच्यासंगं ती बाटली घ्यावीच लागंल."

"मामा, मागच्या वर्षी तुम्ही माती तपासली होती ना? स्फुरद किती आला होता?"

"आला असंल काहीतरी. कागद कपाटात हाय. पण डीएपीबिगर सोयाबीन येतंय व्हय कुठं?"

मामीनं कागद शोधला आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. सामू ८.२. सेंद्रिय कर्ब कमी. उपलब्ध स्फुरद हेक्टरी २६ किलो, शेरा 'जास्त'. आणि मामा गेली काही वर्षं एकरी दोन गोण्या डीएपी टाकत आले आहेत.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. शेतीतलं माझं ज्ञान सुट्टीत हुरडा खाण्याइतकंच. पण टाकीत पाणी असूनही नळाला धार नसेल तर आणखी एक टँकर मागवून उपयोग नसतो, पाइप तपासावा लागतो, एवढं कळतं. स्फुरदाचं तसंच आहे. प्रश्न बहुतेक वेळा साठ्याचा नसतो, पुरवठ्याच्या वेगाचा असतो. आपली खतचर्चा मात्र साठ्यावर, म्हणजे गोण्यांवर अडकली आहे.

स्फुरद पिकात करतो काय?

पेशीतली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून फिरते. त्यात स्फुरद आहे. डीएनएच्या साखळीत आणि पेशीच्या पापुद्र्यातही स्फुरद आहे. त्यामुळे उगवण झाल्यावर मुळं फुटण्याच्या काळात तो कमी पडला तर पीक खुजं राहतं. जुनी पानं गडद हिरवी, कधी जांभळट होतात. मक्यात ही जांभळी छटा लांबूनही दिसते. फुलोरा आणि पक्वता लांबते.

सोयाबीन, तूर, हरभरा या पिकांना तो आणखी एका कारणासाठी लागतो. त्यांच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र धरतात. नत्राचा एक रेणू फोडायला त्यांना किमान १६ एटीपी खर्चावे लागतात. स्फुरद तोकडा असेल तर गाठी कमी आणि बारीक राहतात. शेतात दिसते नत्राची कमतरता, मूळ दुखणं असतं स्फुरदाचं.

म्हणजे मामांचं वाक्य अर्धं खरं आहे. स्फुरदाशिवाय सोयाबीन येत नाही. पण स्फुरद म्हणजे डीएपी नव्हे, आणि जमिनीत टाकलेला स्फुरद म्हणजे पिकाने घेतलेला स्फुरद नव्हे.

टाकलेला स्फुरद जातो कुठे?

डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतो. म्हणजे ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. हा २३ चा आकडा खतांच्या हिशोबातल्या ऑक्साइड रूपाचा आहे. शुद्ध मूलद्रव्य म्हणून पाहिलं तर गोणीत साधारण १० किलो स्फुरद भरतो. पुढचा हिशोब वाचताना हे लक्षात ठेवा, कारण माती परीक्षणाच्या कागदावरचा २६ हा आकडा शुद्ध मूलद्रव्याचा आहे.

डीएपी पाण्यात लगेच विरघळतं. अडचण त्यानंतर सुरू होते. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनींत चुना भरपूर आणि सामू ८ च्या आसपास किंवा वर. विरघळलेला फॉस्फेट या चुन्यातल्या कॅल्शियमला चिकटतो. आधी सैल चिकटतो, मग दिवसागणिक घट्ट होत कमी विरघळणारे क्षार तयार होतात. कोकणातल्या जांभ्या जमिनीत चुना नाही, पण लोह आणि ॲल्युमिनियम आहे. तिथे तेच काम ते करतात. सामू ६ ते ७.५ च्या दरम्यान असेल तर त्यातल्या त्यात बरं, दोन्ही टोकांना स्फुरद अडकतो.

म्हणूनच टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला साधारण १५ ते २० टक्केच येतो, असं कृषी विद्यापीठांच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. याचा अर्थ उरलेला वाया गेला असा नाही. युरियातला नत्र हवेत उडतो, पाण्याबरोबर खाली वाहून जातो. स्फुरद मातीचे कण वाहून गेले तरच जातो. बाकी तो तिथेच राहतो.

इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड संशोधन केंद्रात एका शेताला १९०१ नंतर खत देणं थांबवलं. त्याआधी टाकलेल्या स्फुरदाचा परिणाम तिथे पुढची अनेक दशकं पिकांवर दिसत राहिला. जमीन स्फुरद विसरत नाही, फक्त हळूहळू परत देते.

खिसा, बचत खातं आणि मुदत ठेव

आता थोडं गणित. एक एकर, वरचा १५ सेंटीमीटरचा थर. ही माती भरते साधारण ९०० टन. मातीच्या एका किलोत ५०० मिलिग्रॅम स्फुरद धरला (हा अवाजवी अंदाज नाही) तर एकरात एकूण ४५० किलो स्फुरद होतो. म्हणजे डीएपीच्या ४५ गोण्या, आधीच जमिनीत.

पण मूळ पितं ते मातीतलं पाणी. त्या पाण्यात कोणत्याही क्षणी विरघळलेला स्फुरद किती? लिटरला ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम धरा. चांगल्या ओलाव्यात त्या थरात साधारण पावणेदोन लाख लिटर पाणी असतं. गुणाकार केला तर उत्तर येतं १० ते २० ग्रॅम. किलो नाही, ग्रॅम. चहाच्या कपात टाकतो त्या दोन-चार चमचे साखरेएवढा.

मुदत ठेवीत ४५० किलो आणि खिशात २० ग्रॅम. मधे एक बचत खातं आहे. मातीच्या कणांवर सैल चिकटलेला, लवकर सुटणारा स्फुरद. माती परीक्षणात मोजतात ते साधारण हेच. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीसाठी जी पद्धत वापरतात ती ओल्सेन यांनी १९५४ मध्ये मांडली. हेक्टरी १० किलोपेक्षा कमी म्हणजे कमी, १० ते २५ मध्यम, त्यावर जास्त, ही त्याची ढोबळ प्रतवारी.

आठ क्विंटल सोयाबीन देणाऱ्या एकराला हंगामात साधारण पाच-सहा किलो शुद्ध स्फुरद लागतो. खिशात एका वेळी २० ग्रॅम. म्हणजे खिसा हंगामात शेकडो वेळा रिकामा होऊन पुन्हा भरावा लागतो. पीक येणार की नाही हे ठेव किती आहे यावर ठरत नाही. खिसा किती वेगाने भरतो यावर ठरतं. आणि तो भरण्याचं बरंचसं काम करतात मुळं, बुरशी आणि जिवाणू.

मुळाला काही मिलिमीटरचं अंतर का जड जातं?

नत्र पाण्याबरोबर वाहत मुळाकडे येतो. स्फुरद येत नाही. तो कणाकणाला चिकटत, सुटत, अगदी हळू सरकतो. त्यामुळे मूळ आपल्या भोवतीचा स्फुरद काही दिवसांत संपवतं आणि त्याच्याभोवती एक रिकामं कडं तयार होतं. त्या कड्यापलीकडे स्फुरद आहे, पण तो इकडे येत नाही.

इथे मायकोरायझा नावाची बुरशी कामाला येते. ती मुळाच्या आत शिरून राहते आणि तिचे तंतू मातीत त्या कड्याच्या पलीकडे, काही सेंटीमीटरपर्यंत जातात. मुळाचे केसही जिथे शिरत नाहीत अशा फटींत हे तंतू शिरतात, स्फुरद गोळा करून मुळात आणतात. बदल्यात पीक तिला साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. पानांनी बनवलेल्या अन्नापैकी ४ ते २० टक्के भाग या भागीदारीत खर्च होऊ शकतो. सोयाबीन, तूर, ज्वारी, मका, कापूस, कांदा, द्राक्ष, सगळ्यांना ही भागीदार चालते. कोबी आणि मोहरीच्या कुळाला मात्र ती जवळपास चालत नाही.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. पीक या बुरशीला बोलावतं कधी? स्फुरदाची चणचण जाणवली की. तेव्हा मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाची रसायनं मातीत सोडतात. ती जाणवली की बुरशीचे तंतू फांद्या फोडून मुळाकडे वळतात. जपानी संशोधकांनी हे २००५ मध्ये दाखवून दिलं.

उलट, मुळाभोवती तयार स्फुरद भरपूर असेल तर पीक ही हाक देणंच कमी करतं. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. घरात पाणी भरलेलं असताना भिश्तीला पैसे कोण देईल? पण आपण दरवर्षी मुळाशी जास्तीचा डीएपी ओतत राहिलो तर ज्या यंत्रणेने ठेवीतला स्फुरद फुकट काढून दिला असता, तीच कमकुवत होते. मग खत कमी केलं की पीक पहिल्या वर्षी मागे पडल्यासारखं वाटतं, आणि शेतकरी म्हणतो, "बघा, डीएपीशिवाय येत नाही."

जिवाणू देतात, तसे घेतातही

जमिनीतले जिवाणू म्हणजे पिकाचे नोकर, असा आपला समज असतो. तसं नाही. त्यांनाही जगायला स्फुरद लागतो, आणि ते मुळांपेक्षा चपळ असतात.

समजा, गव्हाचं काड शेतात गाडलं. त्यात कर्ब भरपूर, स्फुरद नगण्य. जिवाणूंना कर्बाची मेजवानी मिळते, पण स्वतःच्या पेशी बांधायला लागणारा स्फुरद ते मातीतूनच ओढतात. कर्ब आणि स्फुरदाचं प्रमाण ३०० ला १ च्या वर असेल तर काही काळ पिकाचा स्फुरद जिवाणूंच्या पोटात जातो. २०० ला १ च्या खाली असेल, जसं चांगल्या कुजलेल्या शेणखतात, तर उलट होतं आणि स्फुरद मोकळा होतो. म्हणून काड गाडायचं तर पेरणीच्या तोंडावर नाही, कुजायला वेळ देऊन.

पण जिवाणूंच्या पोटात गेलेला स्फुरद ही वाईट गोष्ट नाही. तो तिथे आहे तोवर चुन्याला चिकटत नाही. जिवाणू मरतात, त्यांना मातीतले सूक्ष्म प्राणी खातात, आणि तो स्फुरद पुन्हा पाण्यात येतो. जिवाणूंचं शरीर म्हणजे सतत चालू असलेलं बचत खातंच. त्याशिवाय काही जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून कॅल्शियमला बांधलेला स्फुरद सोडवतात, काही फॉस्फेटेज नावाची विकरं सोडून सेंद्रिय पदार्थातला स्फुरद मोकळा करतात.

या सगळ्याला इंधन लागतं, आणि ते इंधन म्हणजे कर्ब. मामांच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब: कमी' असं लिहिलं होतं. स्फुरदाच्या ओळीकडे सगळे बघतात, या ओळीकडे कोणी बघत नाही. माझ्या मते त्या कागदावरची सगळ्यात काळजीची ओळ तीच होती. ठेव भरलेली आहे, पण बँकेतले कर्मचारी उपाशी आहेत.

मग पीएसबीचं पाकीट टाकलं की झालं?

स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, हल्ली प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळतात. पाकिटावर पीक डोलतं. इथे जरा थांबू.

हे जिवाणू शोधण्याची पद्धत १९४८ मध्ये सोव्हिएत संशोधक पिकोव्हस्काया यांनी मांडली. बशीतल्या पांढऱ्या फॉस्फेटवर जिवाणू वाढवायचे. जो आपल्याभोवती स्वच्छ वर्तुळ तयार करेल तो कामाचा. पद्धत सोपी आहे, म्हणून आजही वापरात आहे. पण बशी म्हणजे काळी जमीन नव्हे. बशीत आम्ल सुटलं की फॉस्फेट विरघळतो. चुनखडीच्या जमिनीत ते आम्ल आधी चुनाच खाऊन टाकतो.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये नेमका हा मुद्दा दाखवला. काळ्या, विम्लधर्मी जमिनीसारखी आम्ल शोषणारी परिस्थिती प्रयोगशाळेत निर्माण केली, तर बशीत चांगले ठरलेले जिवाणू स्फुरद सोडवण्यात कमी पडतात. शेतातल्या चाचण्यांचे निकाल त्यामुळेच कधी चांगले, कधी शून्य असे येतात.

मग पीएसबी वापरूच नये का? वापरावं. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम ही शिफारस खर्चाच्या मानाने किरकोळ आहे, आणि काही जिवाणू मुळांची वाढ वाढवूनही फायदा करतात. पण दोन अटी. पाकिटात जिवाणू जिवंत हवेत. भुकटीच्या जिवाणू खतात ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात, असं खत नियंत्रण आदेशाचं मानक आहे. पत्र्याच्या शेडखाली मे महिना काढलेल्या पाकिटात त्या उरतात का, हा प्रश्न दुकानात विचारायला हवा. दुसरी अट, जमिनीत त्यांना खायला काहीतरी हवं. शेणखत-कंपोस्ट नाही आणि नुसतं पाकीट, म्हणजे नवा कर्मचारी नेमून त्याला डबा न देणं.

जे काम पाकीट करत नाही, ते तूर-हरभरा करतात

हरभऱ्याच्या पानांवरची आंब सगळ्यांना माहीत आहे. पहाटे शेतातून गेलं की हाताला, कपड्यांना लागते, जिभेला आंबट लागते. ती आंबट चव मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची. हरभऱ्याची मुळंही जमिनीत सायट्रिक आणि मॅलिकसारखी आम्लं सोडतात. जिवाणूपेक्षा मुळाचा फायदा असा की ते ही आम्लं एकाच जागी, एकवटून सोडतं. त्यामुळे चुन्याला चिकटलेला थोडा स्फुरदही सुटतो.

तुरीची तऱ्हा वेगळी. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेतल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं की तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात आणि ते लोहाला बांधलेला स्फुरद मोकळा करतं. तांबड्या जमिनीत इतर पिकांना जो स्फुरद दिसतही नाही, तो तूर उचलते. तिचा पाला शेतात गळतो आणि त्यातला स्फुरद पुढच्या पिकाला मिळतो.

ज्वारीत तूर, सोयाबीनमध्ये तूर, मागून हरभरा. आपल्याकडच्या या जुन्या पद्धतींमागे निव्वळ सवय नव्हती. त्यात जमिनीचं खातं फिरतं ठेवण्याची सोयही होती.

जास्त टाकलं तर नुकसान काय?

एक, पैसा. सोयाबीनच्या एक टन दाण्यांबरोबर खतांच्या हिशोबातला साधारण १२ ते १४ किलो स्फुरद शेतातून बाहेर जातो. आठ क्विंटलला १० किलोच्या आसपास. एका गोणीत २३ किलो आहे. म्हणजे एकरी एक गोणीनेही ठेवीत भर पडते. मामा दोन टाकत होते.

दोन, जस्त. स्फुरद फार वाढला की पिकाला जस्त कमी मिळतं. मग पानं पिवळी पडतात आणि दुकानदार जस्ताची बाटली देतो. एका जास्तीच्या खताने तयार केलेल्या दुखण्यावर दुसऱ्याचा खर्च.

तीन, पाणी. पहिल्या मोठ्या पावसात वरची माती वाहिली की तिच्याबरोबर स्फुरद ओढ्यात, तळ्यात जातो. तिथे तो शेवाळाचं खत बनतो.

चार, देश. भारताकडे या खताचा कच्चा माल फार नाही. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला रॉक फॉस्फेटची खाण आहे, पण ती देशाच्या गरजेला पुरणारी नाही. तयार डीएपी, फॉस्फोरिक आम्ल किंवा रॉक फॉस्फेट, कोणत्या ना कोणत्या रूपात स्फुरद बाहेरूनच येतो. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. चीनने २०२१ पासून निर्यातीला लगाम घातला तेव्हा त्याचा चटका आपल्या तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचला. मे २०२१ मध्ये केंद्राला डीएपीच्या गोणीमागचं अनुदान ५०० वरून १२०० रुपयांवर न्यावं लागलं होतं. इतक्या महागात आणलेलं खत आपण चुन्याला चिकटवून ठेवतो.

म्हणजे शेतकरी चुकतोय का?

नाही. आणि हे स्पष्ट लिहायला हवं, कारण मोबाइलवर दोन मिनिटांत 'शेतकऱ्यांनो, खत कमी वापरा' असं सांगणं फार सोपं आहे.

पेरणीला वाफसा मिळतो मोजके दिवस. त्यात चूक झाली तर वर्ष जातं. जास्तीची गोणी हा शेतकऱ्याने स्वतःसाठी काढलेला विमा आहे. डीएपीची गोणी १३५० रुपयांना मिळते आणि एकाच गोणीत नत्र-स्फुरद दोन्ही येतं. तेवढाच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यायचा तर त्यात १६ टक्केच स्फुरद असल्याने तीन गोण्या वाहाव्या लागतात. त्यातून कॅल्शियम आणि सोयाबीनला हवं असलेलं गंधक मिळतं हे खरं, पण गाडीभाडं आणि मजुरी कोण देणार?

आणि ज्यांच्या जमिनीत स्फुरद खरोखर कमी आहे, त्यांनी डीएपी टाकलंच पाहिजे. अशा जमिनी भरपूर आहेत. मामांसारख्या 'जास्त' शेऱ्याच्या शेतात गेलेली दुसरी गोणी कोणाच्या तरी 'कमी' शेऱ्याच्या शेताची असते. रांग त्यामुळेही लांबते.

माझा आक्षेप व्यवस्थेवर आहे. हंगामाआधीच्या प्रत्येक आढाव्यात आकडा असतो तो 'इतके टन खत उपलब्ध' असा. जमीन आरोग्यपत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली. कल्पना उत्तम होती. पण नमुने घेण्याचं ठरलं ते जाळी आखून, बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. दहा हेक्टर म्हणजे २५ एकर. आमच्या गावात तेवढ्यात पाच-सहा जणांची शेतं बसतात. एकाने शेणखत टाकलेलं, दुसऱ्याने वीस वर्षं नुसतं डीएपी. दोघांना एकच आकडा देऊन काय कळणार?

आम्ही माध्यमंही यात आहोत. डीएपीच्या टंचाईची बातमी मी स्वतः कितीदा चालवली आहे. कोणाच्या जमिनीला ते किती लागतं, ही बातमी एकदाही नाही. पहिलीला क्लिक मिळतात.

काय करता येईल?

शेतकऱ्याच्या हातात असलेल्या गोष्टी आधी.

• आपल्याच शेताचा नमुना द्या, पीक निघाल्यावर आणि खत टाकण्याआधी. एकाच प्रकारच्या जमिनीत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे, सगळी माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो.

• स्फुरदाची आणि सेंद्रिय कर्बाची ओळ एकत्र वाचा. 'कमी' असेल तर पूर्ण मात्रा द्या. 'जास्त' असेल तर कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून मात्रा कमी करा, एकदम बंद नको. आधी अर्ध्या एकरात करून बघा.

• डीएपी फोकू नका. दोन चाडी पाभरीने बियाण्याच्या बाजूला आणि थोडं खाली पेरा. एका ओळीत दिलेलं खत कमी मातीला भिडतं, त्यामुळे कमी अडकतं. पण बियाण्याला थेट चिकटू देऊ नका, डीएपीतून सुटणारा अमोनिया कोंबाला भाजतो.

• कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट जमेल तेवढं द्या. पीएसबी आणि रायझोबियमची बीजप्रक्रिया करा, पण पाकिटावरची तारीख बघून.

• शेत मोकळं कमी ठेवा आणि तुरीच्या ओळी मोडू नका. मायकोरायझा जिवंत मुळांवरच जगते.

आता सरकारच्या हातात असलेल्या गोष्टी. अनुदानाचा अगदी लहान हिस्सा जरी गावपातळीवरच्या माती परीक्षणाकडे वळवला आणि निकाल पेरणीआधी मोबाइलवर आला, तर रांगेतली बरीच गर्दी आपोआप कमी होईल. जिवाणू खतांची तपासणी कारखान्यात नाही, दुकानातल्या फळीवर व्हायला हवी. डीएपीसोबत बाटली गळ्यात मारणाऱ्यांवर कारवाई नुसती पत्रकात नको. आणि आढावा बैठकीत 'किती टन आलं' याच्या शेजारी 'किती शेतांची माती तपासली आणि किती जणांनी त्यानुसार खत दिलं' हा रकाना हवा. जे मोजलं जात नाही ते सुधारत नाही, हे कारखान्यातल्या कोणत्याही शिफ्ट इंजिनिअरला विचारा.

मामांशी त्या दिवशी तासभर बोलले. सगळं पटलं नाही त्यांना. ठेव, खिसा, बुरशी हे ऐकून ते म्हणाले, "तू पुस्तकातलं सांगतीस, मला बँकेचं फेडायचंय." खरं आहे. जोखीम त्यांची आहे, माझी नाही. शेवटी तडजोड ठरली. पाच एकराला एकरी एक गोणी, आणि बांधालगतच्या एका एकराला अर्धी गोणी, ट्रॉलीभर शेणखत आणि बीजप्रक्रिया. काढणीला दोन्हीकडचं वेगळं वजन करायचं.

सहा एकराला बारा गोण्या लागायच्या, यंदा साडेपाच लागल्या. दुकानदाराने दिलेल्या दोन गोण्यांनंतर उरलेल्या साडेतीनसाठी मामा पुन्हा रांगेत उभे राहिले. पण रांगेतून त्यांनी फोन केला तेव्हा प्रश्न बदलला होता.

"अगं, त्या कागदावर कर्ब म्हणून लिहिलंय, ते वाढवायला काय करावं लागतं?"